‘शाया’खालची लाल रेघ: घरच्या बोलीवरून मनोभाषाविज्ञान शिकण्याची एक पद्धत

तिसरीत असताना माझ्या निबंधाच्या वहीत ‘शाया’ या शब्दाखाली लाल रेघ ओढलेली होती आणि तिच्या शेजारी ‘शाळा’ असे लिहिलेले होते. दुरुस्ती योग्यच होती, कारण निबंध प्रमाण मराठीत लिहायचा होता. मात्र त्याच पानावर ‘डोया’, ‘काया’ आणि ‘फय’ या शब्दांखालीही तशाच रेघा होत्या, आणि या चारही ठिकाणी एकच गोष्ट घडली आहे, हे मला कोणी सांगितले नाही आणि माझ्याही लक्षात आले नाही. पानावर चार चुका दिसत होत्या. प्रत्यक्षात ती एकाच नियमाची चार उदाहरणे होती, कारण आमच्या घरच्या बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. भाषेचा शास्त्रीय अभ्यास इथूनच सुरू होतो: एखादे रूप चूक ठरवण्याआधी ते कोणत्या नियमाने तयार झाले आहे, हे शोधणे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ज्या घरांत आजी अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलते आणि नातवंडे शाळेत प्रमाण मराठी शिकतात, त्या घरांत हा अभ्यास एक वही, एक मोबाईल आणि दहा-बारा हाताने काढलेली चित्रे एवढ्या सामग्रीवर करता येतो. तो कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

मनोभाषाविज्ञान मुख्यतः तीन प्रश्न विचारते. मूल भाषा आत्मसात कशी करते, ऐकणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला वाक्य कळते कसे, आणि मनातला आशय काही क्षणांत शब्दरूप घेऊन जिभेवर येतो कसा? मानसशास्त्राला प्रयोगशाळेचे रूप 1879 मध्ये लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी दिले आणि भाषेमागचे मन हा त्यांच्याही आस्थेचा विषय होता. परंतु आजच्या स्वरूपातील हे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यावर घडले. भाषा ही सवय आणि बक्षीस यांतून घडते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1957 मध्ये केली आणि भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी 1959 मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की मूल कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, तेव्हा ते केवळ ऐकलेले परत म्हणत नसून मनात नियम बांधत असले पाहिजे. हे नियम जन्मजात क्षमतेतून किती येतात आणि ऐकण्यातून किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तो घरी मिटवण्याचे कारणही नाही. नियम कोणता, एवढे शोधता आले तरी पुष्कळ काम होते.

वही कशी ठेवावी

वहीच्या प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात: तारीख, बोलणाऱ्याचे वय, तो कोणाशी बोलत होता, नेमके काय उच्चारले गेले आणि त्या वेळी समोर काय चालले होते. मुलाचे वय वर्षे आणि महिने अशा दोन आकड्यांत लिहावे; ‘2;4’ म्हणजे दोन वर्षे चार महिने. दोन ते चार या वयात महिन्या-महिन्याला फरक पडत असल्यामुळे ‘अडीच-तीन वर्षांचा’ अशी ढोबळ नोंद पुढे निरुपयोगी ठरते.

ऐकू आले तेच लिहावे, ही सर्वांत अवघड अट आहे. आपला कान शिकलेला असतो आणि ‘पानी’ ऐकून हात ‘पाणी’ लिहून मोकळा होतो. देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते, हा समजही इथे फसवतो. ‘जगणे’ आणि ‘जगात’ या दोन शब्दांतला ‘ज’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण त्याचे उच्चार दोन आहेत. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतल्या ‘च’चेही तसेच. असा फरक दाखवायचा असेल तर दंततालव्य उच्चाराच्या, म्हणजे ‘जगणे’ आणि ‘चारा’ यांतल्यासारख्या, अक्षराखाली टिंब द्यावे आणि ही खूण वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावी.

मोबाईलवर आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी विचारावे. मुलाच्या बाबतीत आई-वडिलांना विचारावे, आणि मूल नको म्हणाले तर थांबावे. परवानगी मिळाल्यावर दुसरी अडचण उभी राहते. आपले बोलणे कोणी टिपून घेत आहे, हे कळले की माणसाचे बोलणे बदलते. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी यालाच निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले: माणसे लक्ष नसताना कशी बोलतात, हे पाहायचे असते, पण पाहायचे म्हटले की लक्ष आलेच. खानदेशात तो रोज अनुभवाला येतो. पुण्याहून पाहुणा आला की ओट्यावरची ‘काय करी ऱ्हायना?’ ही विचारणा क्षणात ‘काय करतोस?’ अशी होते. यावर उपाय एवढाच की मोबाईल कामाच्या ठिकाणी ठेवून द्यावा, भरिताची वांगी भाजताना किंवा कपाशी वेचताना चाललेले बोलणे मुद्रित होऊ द्यावे आणि सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे अभ्यासातून वगळावीत. शेतातल्या मुद्रणात वारा फार येतो, हेही सांगून ठेवतो.

तीन गठ्ठे

पंधरा दिवसांच्या नोंदी जमल्या की ‘वेगळी’ वाटलेली रूपे तीन गठ्ठ्यांत टाकावीत. पहिला गठ्ठा जीभ घसरल्याचा: बोलणारा स्वतःच थांबतो, हसतो किंवा दुरुस्त करतो, आणि तीच चूक पुन्हा होत नाही. दुसरा गठ्ठा मुलाने स्वतः बांधलेल्या नियमाचा: रूप वारंवार येते, पण घरातले कोणीही मोठे माणूस तसे बोलत नाही. ‘गेला’ऐवजी ‘जाला’ आणि ‘केलं’ऐवजी ‘करलं’ ही याची ठळक उदाहरणे होत. ‘बस’वरून ‘बसला’ होते, तर ‘जा’वरून ‘जाला’ व्हायलाच हवे, असा तो हिशेब असतो. तिसरा गठ्ठा बोलीचा: रूप वारंवार येते आणि घरातले मोठेही तसेच बोलतात. ‘मना’, ‘तुना’, ‘मले’, ‘शे’ ही रूपे इथली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यांत घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक रूप आजीला किंवा आजोबांना विचारून पाहावे. त्यांना ‘हे बरोबर आहे का?’ असे मात्र विचारू नये, कारण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून शाळेतली भाषा येते. ‘तुम्ही हे कसे म्हणाल?’ असे विचारावे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी (म्हणजे अहिराणी) ही भिल्ल भाषांसोबत एकाच ग्रंथात मांडलेली आहे, पुढील अभ्यासकांपैकी काहींनी तिला मराठीची बोली मानले, आणि ती भाषा की बोली हा वाद आजही रंगतो. आपल्या वहीला त्याने काही फरक पडत नाही. नियम भाषेलाही असतात आणि बोलीलाही.

‘गाळ’ आणि ‘गाय’

आता लाल रेघेकडे परत येऊ. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, हे उच्चाराचे वर्णन झाले. मनोभाषाविज्ञानाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: बोलणाऱ्याच्या मनात हे दोन ध्वनी वेगळे आहेत, की एकच? शब्दाच्या अर्थामध्ये फरक पाडणाऱ्या ध्वनीला भाषाविज्ञानात स्वनिम म्हणतात. प्रमाण मराठीत ‘गाळ’ आणि ‘गाय’ यांत फक्त शेवटचा ध्वनी बदलतो आणि त्यासरशी अर्थ बदलतो, म्हणून ‘ळ’ आणि ‘य’ हे तिथे दोन स्वनिम आहेत. अशाच आणखी जोड्या म्हणजे ‘माळ’ आणि ‘माय’, ‘टाळ’ आणि शाळेच्या गणवेशातली ‘टाय’.

चाचणी अशी घ्यावी. एका कागदावर तापीच्या काठचा गाळ आणि दुसऱ्यावर गाय काढावी. ज्याचा ‘ळ’ स्पष्ट आहे अशा माणसाकडून दोन्ही शब्द प्रत्येकी दहा वेळा, चिठ्ठ्या उचलून ठरवलेल्या क्रमाने, मोबाईलवर म्हणवून घ्यावेत. मुद्रण ऐकवून ऐकणाऱ्याला चित्रावर बोट ठेवायला सांगावे. शब्द समोर उभे राहून म्हणू नयेत, कारण कान एकटा ऐकत नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्ये दाखवून दिले की ओठ ‘ग’चे आणि आवाज ‘ब’चा असे जोडून दाखवले तर पुष्कळांना ‘द’सारखा तिसराच ध्वनी ऐकू येतो. वीसपैकी दहा-अकरा उत्तरे तर निव्वळ अंदाजानेही बरोबर येतात, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पंधरा किंवा त्याहून अधिक उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे 2 टक्के असते, तेव्हा तिथपासून निष्कर्षाचा विचार करावा. त्यानंतर तीच चित्रे दाखवून त्याच व्यक्तीकडून शब्द म्हणवून घ्यावेत आणि मुद्रित करावेत.

काही जण ऐकण्यात आणि बोलण्यात दोन्हीकडे फरक करतील आणि काही दोन्हीकडे करणार नाहीत. सर्वांत उद्बोधक गट तिसरा: जो कानाने फरक अचूक ओळखतो, पण स्वतः दोन्हीकडे ‘य’च म्हणतो. त्याच्या मनात दोन खाने आहेत आणि तोंडाशी ते एक होतात. याच जातीची गोष्ट लहान मुलांतही दिसते. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये नोंदवलेले मूल मासा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला ‘फिस’ म्हणत असे, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेले त्याला मुळीच चालत नसे. आपल्याकडे ‘तोपी’ म्हणणाऱ्या मुलासमोर मुद्दाम ‘तुझी तोपी कुठे आहे?’ असे म्हणून पाहावे; ते बहुधा चिडून दुरुस्त करते आणि दुरुस्तीतही ‘तोपी’च म्हणते.

ध्वनींचे हे खाने फार लवकर पडतात. ‘त’ आणि ‘ट’ यांतला आपल्याला सहज वाटणारा फरक इंग्रजी भाषेत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हिंदीतला हा फरक ओळखत होती, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता जवळजवळ ओसरलेली होती. म्हणजे भाषा शिकणे हे काही फरकांकडे कानाडोळा करायला शिकणेही असते, आणि ते मूल पहिले पाऊल टाकण्याच्या सुमारास बरेचसे उरकलेले असते.

लिहिण्यात उलटी दिशा दिसली तर ती नोंद जपून ठेवावी. ‘शाया’ची ‘शाळा’ करायला शिकलेले मूल कधी ‘पाय’चा ‘पाळ’ किंवा ‘मन’चा ‘मण’ करते. हा निष्काळजीपणा नव्हे, उलट काळजीचा अतिरेक आहे. बोलीतला ‘य’ शाळेत ‘ळ’ होतो आणि ‘पानी’तला ‘न’ तिथे ‘ण’ होतो, हा नियम मुलाने पकडला आहे, पण तो कुठे थांबवायचा, हे अजून कळायचे आहे. अशा मुलाला तोच शब्द दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा ‘गाळ–गाय’सारख्या जोड्या शेजारी मांडून दाखवणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे. बहिणाबाई चौधरी यांचा ‘वढाय’ हा शब्द ‘ओढाळ’चेच रूप आहे, हे सांगितले तर वरच्या वर्गातली मुले स्वतःहून जोड्या शोधू लागतात.

न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन

मूल पाठ करते की नियम लावते, हे ठरवायचे असेल तर त्याला कधीच न ऐकलेला शब्द द्यावा लागतो. जीन बर्को यांनी 1958 मध्ये हेच केले. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढून त्याला ‘वग’ नाव दिले, मग तसेच दोन प्राणी दाखवून मुलांकडून अनेकवचन काढून घेतले. चार ते सात वर्षांच्या मुलांनी ते इंग्रजीच्या नियमाप्रमाणे केले, आणि तो शब्द तर त्यांनी कुठेही ऐकलेला असणे शक्य नव्हते.

मराठीत ही चाचणी अधिक रंगतदार होते, कारण अनेकवचन लिंगानुसार बदलते आणि प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘लुबा’, ‘गिबी’ आणि ‘तुगं’ असे तीन निरर्थक शब्द घ्यावेत आणि तीन विचित्र प्राणी काढावेत. ‘हा एक लुबा. आता इथे दोन आले. दोन काय?’ एवढेच विचारावे. ‘दोन कोणते लुबे?’ असे अनवधानाने म्हटले की प्रयोग संपला. ‘लुबे’, ‘गिब्या’, ‘तुगी’ ही उत्तरे आली तर तिन्ही नियम मुलाच्या हाती आहेत. मग बाहुलीकडून प्राण्याला पोळी भरवून घ्यावी आणि ‘बाहुलीने कोणाला पोळी दिली?’ असे विचारावे. ‘लुब्याला’ हे उत्तर प्रमाण मराठीच्या व्याकरणाचे, ‘लुबाले’ हे घरच्या बोलीच्या व्याकरणाचे, आणि ‘लुबाला’ आले तर शब्दाचे रूप एका व्यवस्थेचे आणि प्रत्यय दुसरीचा, अशी ती जोडणी असू शकते. तेवढ्यावरून मात्र ठरवू नये, कारण सामान्यरूप पक्के न झालेले एकभाषी लहान मूलही तसेच बोलेल. घरची अनेकवचने आणि प्रत्यय आजीकडून आधी लिहून घेतलेले असतील तर हा निवाडा सोपा जातो. अशी सरमिसळ म्हणजे मूल दोन भाषांत गोंधळले, असा अर्थ काढण्याचे मुळीच कारण नाही. त्याच्याजवळ दोन व्यवस्था आहेत आणि त्यांतले सुटे भाग त्याला वेगळे ओळखता येतात, एवढेच त्यातून दिसते.

शब्द निवडताना एक दक्षता घ्यावी. ‘मुटगा’ किंवा ‘धिमणी’ असे शब्द घेतले तर मूल ‘मुलगा’ आणि ‘चिमणी’ यांच्या आधाराने उत्तर देईल आणि नियम तपासला जाणार नाही. व्यंजनाने संपणारा एखादा शब्दही जरूर द्यावा. ‘एक नेब’ म्हटल्यावर लिंग कळत नाही. मग मूल ‘दोन नेब’, ‘नेबं’, ‘नेबी’ की ‘नेबा’ म्हणते, यावरून त्याने त्या प्राण्याला कोणत्या लिंगात बसवले, हे दिसते. तीनच मुलांवर हा प्रयोग करून ‘खानदेशातली मुले अशी बोलतात’ असे लिहू नये.

घसरलेली जीभ

पहिल्या गठ्ठ्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी 1971 मध्ये अशाच चुकांच्या आधारे दाखवले की बोलणे एका झटक्यात तयार होत नाही, टप्प्याटप्प्याने तयार होते. समजा ‘कांदे-बटाटे’ म्हणताना कोणी ‘बांदे-कटाटे’ म्हणाले. पहिला शब्द उच्चारला जात असताना दुसऱ्याचा ‘ब’ आधीच तयार होता, नाहीतर तो पुढे येऊन बसलाच नसता. आता समजा ‘पोत्यात कापूस भरला’ म्हणायचे असताना ‘कापसात पोतं भरलं’ असे निघाले. इथे शब्दांची जागा बदलली, पण ‘त’ हा प्रत्यय आपल्या जागेवरून हलला नाही. शिवाय ‘कापूस’चे ‘कापसा’ झाले आणि क्रियापदही नपुंसकलिंगी झाले, म्हणजे चूक झाल्यानंतरही व्याकरणाचे काम चोख चालू राहिले. शब्द निवडणे आणि त्यांना प्रत्यय लावणे हे दोन वेगळे टप्पे आहेत, याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही. अशी वाक्ये मुद्दाम काढून घेता येत नाहीत. ती कानावर पडतील तेव्हाच टिपावीत, आणि मूळ काय म्हणायचे होते, हे बोलणाऱ्यालाच लगेच विचारावे.

‘अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही’ अशी वेळ कोणावर आली तर नाव सांगण्याची घाई करू नये. पहिले अक्षर कोणते आणि शब्द लांब आहे की आखूड, एवढे विचारावे. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांना 1966 मध्ये आढळले की शब्द आठवत नसतानाही माणसे हे निव्वळ अंदाजापेक्षा बरेच अचूक सांगतात.

वाक्य पुरे होण्याआधीच

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून ऐकणारा वाक्य संपेपर्यंत थांबून राहत असेल, असे वाटते. तो थांबत नाही. पुढील वाक्याचा एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठ्या एकामागून एक उलटत वाचणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर ‘आतापर्यंत काय झाले?’ असे विचारावे: ‘आजोबांनी नातवाला हाक मारणाऱ्या बाईला थांबवले.’ ‘हाक’ या शब्दापर्यंत जवळपास प्रत्येक जण आजोबांनी नातवाला हाक मारली, असे सांगेल. ‘मारणाऱ्या’ आले की चेहऱ्यावर आठी पडते, कारण उभारलेली रचना पाडून पुन्हा बांधावी लागते. ‘नी’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवरून मनाने क्रियापदाचा अंदाज आधीच बांधलेला असतो. तेच वाक्य ‘नातवाला हाक मारणाऱ्या बाईला आजोबांनी थांबवले’ असे लिहिले तर अडखळणे बहुतेक नाहीसे होते, आणि सूचनाफलक किंवा अर्जाचे नमुने लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा तरी करून पाहावा.

अक्षरओळख पक्की झाली की वाचन थांबवणेही हातात राहत नाही. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने लिहून शाईचा रंग विचारला की वेळ लागतो, हे जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केले. देवनागरीत असे वीस शब्द आणि रंगीत फुल्यांची तेवढीच ओळ घेऊन दोन्हींना लागणारा वेळ मोबाईलवर मोजता येतो. पहिलीतले मूल आणि दहावीतले मूल यांची तुलना केली तर वाचन केव्हा आपोआप होऊ लागते, याचाही अंदाज येतो.

वहीच्या बाहेरचे

मेंदूत काय घडते, हे या पद्धतीने दिसत नाही. बोलणे खुंटलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी अस्खलित पण अर्थहीन बोलणाऱ्या रुग्णांचा संबंध आणखी मागच्या भागाशी जोडला. बोलण्याचे अवयव धड असूनही भाषा बिघडू शकते, हे त्यातून कळले. म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचे बोलणे अचानक अडखळू लागले, शब्द विसंगत येऊ लागले किंवा साधे वाक्य त्याला कळेनासे झाले, तर ती जीभ घसरल्याची नोंद नाही. तो पक्षाघात असू शकतो आणि रुग्णालय त्याच क्षणी गाठावे लागते. त्याचप्रमाणे नावाने हाक मारल्यावर किंवा मागे भांडे पडल्यावर बाळ वळून पाहत नसेल, तर ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून वाट पाहू नये. त्याची श्रवणतपासणी आधी करून घ्यावी, आणि तिची तारीख व निष्कर्ष बाळाच्या वयासह वहीत लिहून ठेवावा.